डावा डोळा

पुंडलिकच्या छातीत घड्याळ बसवलंय, असं पेणच्या कारखान्यात सगळे म्हणत. खरं तर हृदयाची झडप बदलून तिथं धातूची बसवली होती. पण झडप म्हटलं की चार प्रश्न येतात. घड्याळ म्हटलं की माणूस हसतो आणि कामाला लागतो. म्हणून त्यानंही तेच चालू दिलं.

गणपतीचे डोळे आखावेत तर पुंडलिकनंच. श्वास रोखायचा, एक टिक जाऊ द्यायची आणि दुसरी व्हायच्या आत पापणीची रेघ ओढून मोकळं व्हायचं.

या आषाढात ती टिकटिक बिघडली. दोन ठोके एकमेकांच्या अंगावर यायचे, मग एक बेपत्ता, मग नुसती पळापळ. हे दुखणं त्याला नवं नव्हतं. ऑपरेशननंतर हॉस्पिटलातच ते एकदा उपटलं होतं. "झडप बदललेल्यांना होतं असं," डॉक्टर म्हणाले होते, "पण पुन्हा झालं तर अंगावर काढू नका. रक्ताची गुठळी डोक्यात जाईल." तेव्हापासून त्याची बायको शांती रोज निजताना त्याच्या छातीला कान लावायची. "हाय जाग्यावर," म्हणायची आणि कूस बदलायची. ती गेली त्याला वर्ष होऊन गेलं. आता ऐकणारं कोणी नव्हतं, आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं तो स्वतःलाच बजावायचा. वाटत तर होतंच.

सांगितलं असतं, तर मालक हिरामणनं ब्रश काढून घेतला असता आणि त्याची रवानगी रोह्याला, लेकीकडे. लेक-जावई दोघंही धाटावच्या कंपनीत. त्यांची शिफ्ट सुरू झाली की घरात उरणार भिंती आणि हा. इथं निदान फळीफळीवरून डोळे बघायचे. म्हणून टिकटिक कोणाच्या कानी पडू नये, एवढ्यासाठी त्यानं गुपचूप रेडिओचा आवाज वाढवला.

त्या दुपारी एका मूर्तीचा उजवा डोळा कसाबसा साधला. डाव्याची रेघ थेट भुवईत घुसली. पुसली, पांढरा दिला, वाळू दिला, पुन्हा ओढली, पुन्हा तेच. एक डोळा आखला की दुसरा त्याच हातानं आखायचा, नाहीतर नजर जुळत नाही, हा कारखान्याचा रिवाज. त्यामुळे कोणाला हाकही मारता येईना. एका डोळ्याचा देव त्याच्याकडे बघत राहिला आणि पुंडलिकला भयंकर एकटं वाटलं.

त्याच्या पाठीमागे बसून मूर्ती घासणारी बायजा उठली. तिनं रेडिओ बंद केला.

"दादा, बास झाला."

"काय गो?"

"इतकी वर्सं मी तुमच्या टिकटिकीवर पॉलिशपेपर फिरवते. रेडिओनं झाकतंय व्हय? सोमवारपासनं माझा हात अडखळतोय."

आपल्या छातीवर कोणाचं तरी काम चालतं, हे पुंडलिकला ठाऊकच नव्हतं.

"हिरामणला सांगितलंस?"

"नाय. वाटला, तुमी सांगाल. आता मीच सांगणार."

त्यानं ब्रश धुतला. मूर्तीवर फडकं टाकलं. "मी येईपर्यंत याला कोणी हात लावायचा नाय," तो म्हणाला आणि आपणच हिरामणपुढे जाऊन उभा राहिला.

हिरामण रिक्षा आणायला धावला. पुंडलिक आणि बायजा पायरीवर बसली. एरवी बायजा तोंड मिटेल तर शपथ. आज अवाक्षर नाही.

"गप का गो?"

"थांबा," ती म्हणाली, "ऐकतेय."