इंजिनाची ऊब

अतुल गजभियेच्या गाडीत हीटर होता, चांगला धडधाकट होता, पण तीन हिवाळे झाले तरी त्याला कुणाचा हात लागलेला नव्हता. हीटरची दांडी निळ्या टोकाला सरकवून अतुलने तिच्यावर खाकी चिकटपट्टी लावून टाकली होती. न जाणो, बायकोचा किंवा मुलीचा हात चुकून लागायचा.

गाडी लहान, जपानी, चार माणसं कशीबशी मावतील एवढी. पण अमेरिकेत पार्सिपनीपासून एडिसनपर्यंत आपल्या लोकांत तिचं नाव होतं ते तिच्या ॲव्हरेजमुळे. उन्हाळ्यात गॅलनला अडतीस मैल. पोराचे दहावीचे मार्क सांगावेत तशा सुरात अतुल हा आकडा सांगायचा. हिवाळा आला की आकडा सत्तावीसवर यायचा आणि अतुल आठवडाभर कुणाशी धड बोलायचा नाही. पैशांचा प्रश्न नव्हता. कॉम्प्युटरची चांगली नोकरी होती, आणि पेट्रोल इथे कुणाला जड जाईल असं नव्हतंच. प्रश्न अब्रूचा होता.

मग उपाय सुरू झाले. टायरची हवा दर रविवारी तपासायची, आणि हे मात्र बरोबर होतं, थंडीत टायरमधली हवा उतरतेच. डिकीतलं बर्फाचं फावडं काढून घरी ठेवायचं, कारण वजन. रोज सकाळी गाडी जागच्या जागी पंधरा मिनिटं चालू ठेवून इंजिन गरम करायचं, कारण नागपूरला त्याचे मोठे काका आपल्या गाडीला तसंच करायचे. आणि हीटर बंद. एसीने पेट्रोल जळतं हे सगळ्या जगाला माहीत आहे, मग हीटरने जळणार नाही का, असा त्याचा बिनतोड सवाल होता. त्याला उलट विचारायला कुणी उभं राहिलं नाही. एडिसनचा विक्रम रामटेके आणि आणखी दोघं-तिघं तर त्याचं ऐकून आपापल्या गाड्यांचे हीटर बंद करून बसले.

म्हणजे पाहा, इंजिनाला रोज पंधरा मिनिटं शेक, आणि गाडीतल्या माणसांनी कोट, मफलर, हातमोजे घालून कुडकुडत बसायचं. वर आतून काचेवर वाफ धरायची ती पुसायचं काम बायकोकडे. संघमित्रा शेजारी बसून फडक्याने काच पुसायची, आणि मागून सहा वर्षांच्या रोशनीने तोंड उघडलं की अतुल तिला श्वास जरा खाली सोडायला सांगायचा. मुलगी 'ओके, पप्पा' म्हणायची आणि कोटाच्या कॉलरमध्ये नाक खुपसायची.

आता ही संघमित्रा कोण, ते सांगितलंच पाहिजे, कारण त्याशिवाय ह्या प्रकारातला खरा अन्याय कळायचा नाही. ती फिजिक्सची एमेस्सी. नागपूर विद्यापीठाची, फर्स्ट क्लास. वर्ध्याच्या कॉलेजात तिने चार वर्षं बीएस्सीच्या पोरांना ऊष्मागतिकी शिकवली होती. लग्न झालं, मुलगी झाली, नवऱ्यामागोमाग ती अमेरिकेला आली, आणि नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला इथे नोकरी करता येत नाही म्हणून घरी बसली. पहिल्याच हिवाळ्यात अतुल म्हणाला की हीटर पेट्रोल खातो. तिने ऐकून घेतलं. त्या दिवसांत तिला सगळंच नवं होतं, दुकानं, रस्ते, बर्फावर चालणं, आणि अतुल सगळंच इतक्या खात्रीने सांगायचा की प्रत्येक गोष्ट तपासून पाहायची सवयच सुटली.

नोव्हेंबरच्या शेवटी तिचे वडील आले. ज्ञानदेव मेश्राम, भंडारा जिल्ह्यातल्या शाळेतले निवृत्त विज्ञानशिक्षक. त्यांना सगळे नाना म्हणत. अंग काडीसारखं, छातीत जुना दमा, पण आवाज असा की शेवटच्या बाकावरचं पोरगं दचकून जागं व्हावं. सहा डिसेंबरच्या निमित्ताने एडिसनच्या मंडळींनी रविवारी एका भाड्याच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता, आणि पाहुणे म्हणून नानांना बोलायला सांगितलं होतं. नाना आठ दिवस भाषणाची तयारी करत होते. आपली पोरगी जिथे राहते तिथल्या लोकांपुढे आपण नीट बोललं पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं. संघमित्राच्या मनात त्याहून साधी गोष्ट होती. त्या दिवसापर्यंत त्यांची छाती धरू नये.

पण अतुलच्या गाडीतून दोनदा बाजारहाट झाली आणि नानांचा खोकला सुरू झाला. ते तक्रार करणाऱ्यांतले नव्हते. जावयाची गाडी आहे, आपण काय बोलायचं, म्हणून ते कानटोपी कपाळापर्यंत ओढून, शाल छातीशी घट्ट धरून बसायचे आणि हवा छान आहे म्हणायचे. तिसऱ्या दिवशी आवाज फाटला. संघमित्राने हळद-दूध दिलं, वाफ दिली. अतुलला तिने एकदा सांगून पाहिलं की निदान नाना आहेत तोवर हीटर लावा. त्यावर अतुलने एक जाड रजई आणून मागच्या सीटवर ठेवली आणि स्वतःवर खूश झाला.

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे गाडी दारात पंधरा मिनिटं घुरघुरत उभी राहिली. मग सगळे बसले. आधी कोपऱ्यावरच्या पंपावर टाकी तोंडोतोंड भरून झाली, आणि गाडी हायवेला लागली. बाहेर सगळं पांढरं होतं. संघमित्रा काच पुसत होती. मागे नाना खोकले, बराच वेळ खोकले, आणि मग बसक्या आवाजात त्यांनी सहज म्हणून विचारलं,

"मित्रा, ह्या हीटरला उष्णता येते कुठून गं? आत शेगडी असते का काही?"

टोमणा वगैरे मारायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि अशा गोष्टी लेकीला विचारायच्या ही त्यांची सवय. आपल्यापेक्षा लेक जास्त शिकली ह्याचं त्यांना फार कौतुक होतं. आणि लहानपणापासून नानांनी प्रश्न विचारला की संघमित्राचं उत्तर आधी तोंडात यायचं, विचार मागून.

"शेगडी नसते, नाना. इंजिनात पेट्रोल जळतं ना, त्यातली पाव हिस्सा शक्तीसुद्धा चाकांपर्यंत जात नाही. बाकीची सगळी उष्णता होऊन वाया जाते. ती इंजिनाभोवतीचं पाणी ओढून घेतं, आणि ते तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये..."

ती थांबली. हातातलं फडकं काचेवर तसंच राहिलं. तेच तापलेलं पाणी हीटरमध्ये फिरवायचं, त्यावरून वारा सोडायचा, झालं. उष्णता आत सोडली तर आत, नाही तर बाहेर. पेट्रोल आधीच जळलेलं. हे तिने फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. परीक्षेला प्रश्न घातला होता. आणि ती स्वतः तीन हिवाळे ह्या गाडीत दातावर दात आपटत बसली होती, पोरीला बसवलं होतं, आणि आता म्हाताऱ्या बापाला बसवलं होतं. कशासाठी? कशासाठीच नाही. तिला नवऱ्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. एवढं शिकलेलं कुठे ठेवून दिलं होतं तिने?

तिने अतुलला सांगितलं, हीटरला पेट्रोल लागत नाही, पंख्यापुरती जरा वीज लागते एवढंच. अतुल हसला. हसूनच त्याने घात केला.

"थिअरी वेगळी आणि गाडी वेगळी, मित्रा. तुला काय कळतं गाडीतलं?"

मागे नाना खिडकीबाहेर पाहू लागले. लेकीचा अपमान झालेला आपल्याला ऐकू आला नाही असं दाखवायला माणूस जसा पाहतो, तसे. तिला ते आरशात दिसलं, आणि तिने नखाने चिकटपट्टीचं टोक उचललं. तीन वर्षांची पट्टी, सुटता सुटेना. तिने ती खरवडून काढली, दांडी निळ्यावरून लाल टोकाला नेली आणि पंखा चालू केला.

अतुलचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, त्यामुळे त्याला तोंडच चालवावं लागलं. तू आता बघच, एडिसनला पोचलो की टाकी पुन्हा भरतो आणि आकडा तुझ्यासमोर ठेवतो, असं त्याने बजावलं. तिने बरं म्हटलं. तोवर गाडीत ऊब भरली. काचेवरची वाफ आपोआप निघून गेली आणि फडकं तिच्या मांडीवर रिकामं पडून राहिलं. नानांचा खोकला थांबला. रोशनीने हातमोजे काढले आणि म्हणाली, "Aai, our car can do this?"

संघमित्राने मांडीवरच्या फडक्याची घडी करून ते समोरच्या कप्प्यात टाकलं.

एडिसनला पंपावरच्या पोऱ्याने टाकी भरली. अतुल थंडीत खाली उतरून मीटरकडे पाहत उभा राहिला, आत येऊन त्याने मनात हिशेब केला, पुन्हा केला. तिने दोनदा विचारल्यावर उत्तर आलं. तेहतीस. ह्या हिवाळ्यातला सगळ्यात चांगला आकडा.

त्याने चुकलो म्हटलं असतं तर गोष्ट तिथे संपली असती. तो म्हणाला, वारा मागून असेल.

हॉलमध्ये त्रिसरण-पंचशील झालं. नाना बोलायला उभे राहिले तेव्हा संघमित्राने श्वास रोखून धरला होता. पण आवाज लागला. सुरुवातीला जरा घोगरा, मग मोकळा, आणि शेवटच्या रांगेतली पोरंही खेळायची थांबली. शाळेत वर्गाबाहेर उभं राहून शिकलेल्या आपल्या वडिलांची आठवण त्यांनी सांगितली, आणि म्हणाले की शिकलेलं माणूस गप्प बसलं तर नुकसान त्याच्या एकट्याचं होत नाही. संघमित्रा मान खाली घालून ऐकत होती. त्यांनी हे तिला उद्देशून म्हटलेलं नव्हतं, आठ दिवसांपूर्वीच लिहिलेलं होतं, पण तिला ते लागलं.

जेवणं झाली. पुरुषमंडळी चहाचे कप घेऊन एका बाजूला उभी राहिली, आणि विषय अर्थातच निघाला. विक्रम म्हणाला, थंडीत गाडी पंचवीसच्या वर जातच नाही, यार, हीटर बंद असूनही. तेव्हा अतुल पुढे झाला.

"हीटर चालू ठेव. मी आज एक्सपेरिमेंट केला. हीटर फुल, आणि थर्टी थ्री. हीटरने काही फरक पडत नाही, मी फाइंड आउट केलंय."

मंडळी वा वा म्हणाली. कुणीतरी म्हणालं, अतुलसारखा डोकेबाज माणूस नाही. संघमित्रा चार पावलांवर नानांशेजारी बसलेली होती. नानांनी तिच्याकडे पाहिलं. उत्तर येणाऱ्या मुलीकडे शिक्षक पाहतो तसं. तिने हातातली पेपरप्लेट खुर्चीवर ठेवली आणि उठली.

"फरक का पडत नाही, तेही सांगा ना."

अतुल गडबडला. अगं, जपानी गाडी आहे, टेक्नॉलॉजी आहे, असं काहीतरी बोलला. मग तिने सांगितलं. शांतपणे, वर्ध्याच्या वर्गात सांगायची तसं, जळलेलं पेट्रोल, तापलेलं पाणी, रेडिएटर, हीटर, सगळं ओळीने. आणि आकडा वाढला तो का, तेही सांगितलं. आज टाकी भरली ती इंजिन गरम करून झाल्यानंतर, आणि मग गाडी एका दमात एडिसनला आली. म्हणून उभ्या गाडीने जाळलेलं पेट्रोल आज हिशेबात आलंच नाही. रोज पंधरा मिनिटं गाडी पेट्रोल जाळते आणि मैल शून्य, मग ॲव्हरेज पडेल नाही तर काय होईल? इंजिन चालता चालता जास्त लवकर तापतं. अर्धं मिनिट थांबा, काच साफ करा आणि हळू हळू निघा.

"आणि ही उष्णता," ती म्हणाली, "तीन वर्षं रोज तयार होत होती. आपण ती रस्त्यावर टाकून देत होतो आणि मुलांना रजया देत होतो."

विक्रमची बायको लता दाराजवळ मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. ती विचारात पडल्यासारखी बोलली.

"म्हणजे मागच्या जानेवारीत मी ह्याला हॉस्पिटलमधून घरी आणलं, चार दिवसांचा होता... तेव्हाही लावता आला असता?"

हो, संघमित्रा म्हणाली.

लताने विक्रमकडे पाहिलं. विक्रमने अतुलकडे पाहिलं. अतुलला कपात पाहण्याजोगं काहीतरी सापडलं.

निघताना अंधार पडला होता. सगळे गाडीत बसले. अतुलने किल्ली फिरवली आणि सवयीने हात मांडीवर ठेवून बसून राहिला, इंजिन तापायची वाट पाहत. संघमित्राने अर्धं मिनिट जाऊ दिलं.

"चला आता," ती म्हणाली.

त्याने गाडी काढली. हायवेला लागेतो आत ऊब आली. मागे नानांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली; ह्या गाडीत त्यांनी ती काढलेली तिने पहिल्यांदाच पाहिली. रोशनी त्यांच्या कुशीत झोपली. अतुल समजुतीच्या सुरात म्हणाला की झालं ते झालं, आता छान गरम आहे ना, आता तरी राग सोड.

गरम होतं खरं. पण तीन हिवाळे थंड पडलेलं तिचं काहीतरी आज कुठे तापायला लागलं होतं, आणि ते इतक्यात निवू द्यायचा तिचा विचार नव्हता. तिने नखात अडकलेला खाकी पट्टीचा तुकडा काढला, खिडकी बोटभर उघडली आणि बाहेर टाकून दिला.