बाईंनी न उच्चारलेले वाक्य

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे. कपाळावर पोचा, जाळीला गंज. रूप सांगण्यासारखे नाही. आणि आज जे सांगणार आहे, तेही मान वर करून सांगता येणार नाही.

कारखान्यात माझ्या पोटात कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ पडदा ताणून बसवला. कुणी कुजबुजले तरी तो थरथरतो. तिथून मी एका छोट्या स्टुडिओत आलो. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या, भिंतींना जाड स्पंज आणि खालच्या शिलाईयंत्राची घरघर अडवायला दाराला घोंगडी.

तिथे बाई यायच्या. मुलांसाठी गोष्टी आणि अंध विद्यार्थ्यांसाठी धडे वाचायच्या. गोष्टीतली म्हातारी बोलू लागली की चष्मा नाकावर घसरवायच्या.

"बाई, ऐकणाऱ्याला चष्मा कुठे दिसतोय?" ध्वनिमुद्रण करणारे काका हसत.

"अहो, त्याशिवाय म्हातारी येतच नाही!"

या आवाजावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, असे लोक म्हणत. ते ऐकून माझी छाती फुगे.

मग एकदा मालकांनी बाईंपुढे सुटी सुटी वाक्ये ठेवली. "रागावून वाचा. आता हसून. आता घाबरून."

"पण हे कशासाठी?"

"नव्या यंत्राची चाचणी हो. दुसरं काय?"

आठवडाभर बाई वाचत राहिल्या. मी त्यांचा श्वाससुद्धा सांडू दिला नाही. काम चोख करतोय, म्हणून खूशही होतो.

त्यानंतर बाईंना बोलावणे बंद झाले. संगणकच त्यांच्या आवाजात हवे ते बोलू लागला. "बाईंना विचारलंत का?" असे काकांनी मालकांना विचारले. मालक म्हणाले, "तुम्ही बटणं सांभाळा." काका पुन्हा बटणांकडे वळले.

एका दुपारी बाई धापा टाकत जिना चढून आल्या.

"माझ्या ताईनं रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या," त्या म्हणाल्या. "का, तर जाहिरातीत मी सांगितलं म्हणे, गोळ्या बंद करा, हे चूर्ण घ्या! पडली ती. उजवा हात हलत नाही, जीभ अडखळते."

मालक शांतपणे म्हणाले, "अहो, तो आवाज यंत्राचा. तुम्ही ते वाक्य बोललातच नाहीत."

"बोलले नाही, म्हणून तर आलेय!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले. त्या खोट्या वाक्यातला प्रत्येक स्वर माझ्याच पोटातून गेला होता.

काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "बाई, ध्वनिमुद्रण मी केलंय. चाचणी सांगून केलं, परवानगी न घेता. कोर्टात सांगेन मी."

त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. भंगारात टाकायला काढलेल्या मला ते काखोटीला मारून बाईंच्या घरी घेऊन आले.

वकीलबाई तिथेच भेटायला आल्या. "गोष्ट लिहिणाऱ्याची, गाणं रचणाऱ्याचं, एवढं कायदा जाणतो," त्या म्हणाल्या. "पण माणसानं न उच्चारलेल्या वाक्यातला त्याचा आवाज कोणाचा, यावर अजून खल चालू आहे. आपण भांडू."

त्या भांडल्या. काकांची साक्ष झाली आणि जाहिरात बंद झाली. पण तिच्या नकला वाऱ्यावर गेल्या आहेत, त्या कोण गोळा करणार?

बाईंनी मला खिडकीपाशी ठेवले आहे. रोज फडक्याने पुसतात, एका शब्दाने बोलत नाहीत. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

मित्रांनो, कुणाचा आवाज, चेहरा किंवा चित्र उचलण्याआधी त्या माणसाला विचारा. खरे कारण सांगून विचारा. नाही म्हणाला, तर हात मागे घ्या.

संध्याकाळी बाई ताईंना फोन लावतात. "ताई, जेवलीस का गं?"

पलीकडून अडखळत प्रश्न येतो, "तू... तूच ना?"

मग बाईंना लहानपणीचे काहीतरी सांगावे लागते, फक्त त्या दोघींना ठाऊक असलेले. तेव्हा कुठे ताई हुंकार देतात.