तुळशीच्या मण्याची खूण

सप्ताहाला चार दिवस उरले की देवळातल्या पाच हंड्या धुवायच्या त्या सरुबाईनेच, हा वाडीचा शिरस्ता. रिठ्याचं कोमट पाणी, जुन्या धोतराचं फडकं आणि ओठांत नाम. रंगीत काचेच्या त्या हंड्यांत दिवे लागले, की कीर्तनाला उभ्या राहिलेल्या बुवांच्या पांढऱ्या उपरण्यावर हिरवा, निळा, मधासारखा उजेड डोलायचा. बुवांचा शब्द आणि तो उजेड, दोन्ही मिळून कीर्तन, असंच सरुबाई लहानपणापासून धरून चालली होती.

यंदा हंड्या आधीच लखलखीत होऊन आल्या होत्या. मंडपाला रंग द्यायचा म्हणून कमिटीच्या अंबाजीने त्या महिन्यापूर्वी उतरवल्या आणि लोणावळ्याच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात पॉलिशला नेल्या, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं.

सरुबाईने हिरवी हंडी उचलली आणि तिचा हात थबकला. हंडी जड लागली. काठावरून बोट फिरवलं, तर काठ गुळगुळीत, कुठे लहर नाही. दोन्ही अंगांना वरपासून खालपर्यंत केसासारखी रेघ, म्हणजे साच्यातली. उजेडाकडे धरली तर काचेत एक बुडबुडा नाही. मग उलटी केली. बुडाशी ज्या खळग्यात दरसाल तिचा अंगठा बसायचा, तिथे सपाट. उरलेल्या चारही तशाच.

सरुबाईचा बाप हनुमंत तळेगावच्या जुन्या काचकारखान्यात फुंकणीवर होता. वर्षातून एकदा, पाळी संपताना भट्टीत उरलेल्या काचेच्या रसातून त्याला स्वतःसाठी एक वस्तू फुंकायची मुभा होती. त्या दिवशी भट्टीत बाटल्यांचा हिरवा रस असला तर हिरवी, औषधाच्या शिश्यांचा असला तर तपकिरी, अशा पाच वर्षांत पाच हंड्या त्याने देवाला वाहिल्या. काच थिजायच्या आत तो गळ्यातल्या माळेचा मोठा मणी पाण्यात बुडवून बुडावर दाबायचा. नाव घालत नव्हता. ज्याची माळ त्याची हंडी, म्हणायचा. मणी एका अंगाने जळून काळा पडला, तो तसाच राहिला. बाप गेल्यावर ती माळ सरुबाईच्या गळ्यात आली.

सरुबाईने अंबाजीला तिथेच मंडपात गाठलं. तो आधी म्हणाला, घासून डाग गेले असतील.

“बुडबुडा घासून जातो व्हय रं?” सरुबाई म्हणाली. “उंद्या म्हनशील, घासून देव बी गोरा झाला.”

रंगारी शिडीवरून खुदकन हसला, तसा अंबाजी वरमला आणि खरं सांगून मोकळा झाला. दुकानदाराने बघून सांगितलं होतं, माल बुडबुड्यांचा, वाकडा, भंगारात जायचा. पाच जुन्या द्या, पाच नव्या घ्या, वर स्पीकरचा जोड फुकट नेऊन देवापुढे लावा. अंबाजीला वाटलं, गावाचं भलंच झालं.

“मावशे, काच ती काच. फुटक्याच्या जागी धड आलं, वाईट काय झालं?”

“फुटकं न्हवतं त्ये. आन तुझं न्हवतं.”

त्यापुढे ती त्याच्याशी बोलली नाही. सून मंगलला घेऊन ती सोमाटणे फाट्यावर आली आणि लोणावळ्याची एसटी धरली. वाटभर मंगल म्हणत होती, आई, सप्ताह तोंडावर आलाय, कीर्तनं सोडून भांडणं कशाला? ज्या मंडपात देवाच्या हंड्यांची अदलाबदल लपवली, तिथे बसून कानांवर पडलेलं कीर्तन पोटात कसं उतरणार, हे सुनेला सांगत बसायचं त्राण तिला नव्हतं.

दुकान थंडगार होतं. दारासमोरच मधल्या साखळीला तिची हिरवी हंडी लटकत होती. खाली चिठ्ठी: बेल्जियम, अंदाजे १८९०. दुकानाचे मालक करणशेठ एका जोडप्याला जुनी काच ओळखायची कशी ते समजावत होते. काठ हलका लहरता हवा. सांधा नको. आत हवेचा थेंब असला तर समजा माणसाने फुंकलीय. सरुबाई ऐकत राहिली. एकेक शब्द खरा होता, आणि अंबाजीपुढे याच माणसाने याच खुणांना भंगार म्हटलं होतं.

“आणि हा बुडाचा खळगा,” शेठ म्हणाले, “ही बेल्जियमच्या कारागिराची मुद्रा.”

सरुबाई पुढे झाली. गळ्यातली माळ न काढताच ती हंडीखाली वाकली आणि काळा मणी तिने त्या खळग्यात टेकवला. मणी नीट बसला. जणू तिथूनच निघाला होता.

“शेठ,” ती म्हणाली, “बेल्जमात तुळशीची माळ कोन घालतं?”

जोडप्यातली बाई वाकून बघू लागली, मग तिने फोटो घ्यायला मोबाइल काढला. शेठनी आधी अदलाबदलीचा कागद दाखवला, त्यावर अंबाजीची सही होती. सरुबाईने सांगितलं, सही करनाराची हंडी न्हाई, त्यानं आपलं घर इकावं. मग मंगल, जी वाटभर सासूला गप्प बसवत होती, तीच म्हणाली, “तुमचा स्पीकर आन तुमची काच उद्या टेम्पोत घालून धाडतो. आमची उतरवा. आन बाकीच्या चार?”

चार गेल्या होत्या. मुंबईला, चार घरी, बेल्जियमच्या म्हणून. त्या बाईच्या मोबाइलकडे बघत शेठनी हिरवी उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळली. पत्ते विचारले तर म्हणाले, गिऱ्हाइकाची नावं सांगत नसतात. खरं काय ते त्यांना कळवू, असंही म्हणाले नाहीत.

काल्याच्या कीर्तनाला स्पीकर नव्हता. बुवांचा आवाज पोचावा म्हणून मागची माणसं सरकत सरकत पुढे आली, पोरंसोरं मांडीला मांडी लावून बसली. मंडपाच्या मधोमध एकच हिरवी हंडी होती. स्पीकर आणि एक नवी हंडी शेठकडे परत गेली होती; उरलेल्या नव्या चार अंबाजीने टांगायला आणल्या होत्या, मंडप ओकाबोका दिसतो म्हणाला. सरुबाईने ते चार आकडे रिकामेच ठेवायला लावले.

येणारा प्रत्येक जण वर बघायचा आणि विचारायचा, बाकीच्या कुठायत?

“त्ये अंबाजी सांगंल,” सरुबाई म्हणायची, आणि टाळ उचलायची.