कपाळावरचं नाक

"नाक खाली घे, गेर्लिंदा. जबड्याच्या शेंड्यावर," सरपंच मान्फ्रेड गावलित्सा म्हणाला. "मगरीचं असतं तिथं."

"ही मगर नाही."

"मग लोकांना कळणार कसं काय आहे ते? शेजारच्या गावाने पेंढ्याची गाय केलीय. बघताक्षणी गाय!"

सुगीच्या सणाला पोलंडमधल्या ओपोलेकडच्या प्रत्येक गावाच्या वेशीवर पेंढ्याचं काहीतरी उभं राहतं, आणि परीक्षक घोडागाडीतून बघत जातात. यंदा वेशीचं काम गेर्लिंदा पिकाकडे होतं. तीस वर्षं तिने वीटभट्टीच्या खाणीत माती खणली होती, आणि तिच्याच फावड्याला एकदा हातभर लांब कवटी लागली होती. नाकपुड्या डोळ्यांपाशी, थेट कपाळावर. संग्रहालयवाल्यांनी कवटी नेली आणि खाली पाटी लावली : मगरीसारखा प्राणी. त्या 'सारखा'चा राग तिच्या मनातून कधी गेलाच नाही. मगरी यायच्या कितीतरी आधी हा इथल्या पाण्यात राज्य करत होता, आणि वीस कोटी वर्षांपूर्वी संपला म्हणून त्याने उसन्या नावाने जगायचं?

म्हणून तिने तो संपूच दिला नाही. तो इथेच राहिला असता तर आपल्या हिवाळ्यात कसा तगला असता, याचा तिने तीन आठवडे विचार केला. अंगावर चरबी चढली असती, शेपूट आखूड झाली असती आणि कपाळावरचं नाक वाढत वाढत बर्फातून वर आलं असतं. तसाच तो तिने पेंढ्यातून घडवला, आणि त्या नाकासाठी जुन्या शेगडीचं धुराडं बसवलं.

"धुराडं! अगं, गावाचं हसं होईल," मान्फ्रेड म्हणाला.

"होऊ दे. शाळेत तुझं रोज व्हायचं, मेलास का?"

मान्फ्रेड लालबुंद झाला. त्याने ट्रॅक्टर बोलावला आणि तो प्राणी वेशीवरून ओढून नेऊन चर्चमागच्या माशांच्या तळ्यात ढकलायला लावला. गेर्लिंदाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती काठावरून हलली नाही. ट्रॅक्टरवाल्याने घरी चला म्हटलं, तर त्यालाच तिने चार शब्द सुनावले.

पेंढा भिजत गेला. आधी लांब जबडा पाण्याखाली गेला, मग पाठ. वर राहिले ते फक्त दोन डोळे आणि धुराडं.

तेवढ्यात परीक्षकांची गाडी वळणावर आली. घोडा तळ्याकडे बघून बिचकला आणि जागीच थांबला. गाडीतली मंडळी उभी राहून बघू लागली. कुणी हसलं नाही.

"बुडाला तो," मान्फ्रेड घाईघाईने त्यांना म्हणाला. "बुडालाय, चला पुढे."

"बुडालेला नाही," गेर्लिंदा काठावरून ओरडली. "श्वास घेतोय!"