हुकलेले कॉल: शून्य

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिला सगळे मोजणीबाई म्हणत. सकाळी दहा ते अकरा हा गर्दीचा तास. त्या तासात कुठल्या गावाच्या मार्गावर किती कॉल गेले, सरासरी किती वेळ चालले, लाइन मोकळी नाही म्हणून किती हुकले, हे सगळं ती कागदावर आणायची. लोक काय बोलतात याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. नसत्या चौकशा करणाऱ्यांचं हे कामच नव्हे.

त्या दिवशी नदीपलीकडच्या गावाचा कागद घेऊन साहेब स्वतः तिच्या टेबलापाशी आले. स्वारी खुशीत होती.

"अकराशे साठ कॉल, बाई. एरवी दोनशे झाले तरी डोक्यावरून पाणी. आणि हुकलेले शून्य. कालच्यासारखी सही ठोका, साडेअकराला तपासणीवाले येतायत."

काल तिनं खरंच सही ठोकली होती. शून्य दिसलं की पुढचं कुणी बघत नाही, आणि तिनंही बघितलं नव्हतं.

त्याच गावात तिची आई एकटी राहत होती. दम्याचं जुनं दुखणं. मायलेकींचं ठरलेलं होतं की दम वाढला तर आईनं लगेच फोन करायचा, एरवी फक्त गुरुवारी. काल फोन आला नव्हता. फोन नाही म्हणजे बरी आहे, असं म्हणून ती निर्धास्त झोपली होती.

पेन उघडताना तिची नजर शेवटच्या रकान्यावर गेली. सरासरी वेळ एकवीस सेकंद. या मार्गावर माणसं तीन मिनिटांशिवाय फोन सोडत नसत.

तिनं लाइनवार आकडे काढले. त्या गावाला बारा लाइनी, जाणाऱ्या आणि येणाऱ्या कॉलना त्याच. अकरा लाइनींचे मिळून एकशे दहा कॉल, आणि एकट्या पहिल्या लाइनीवर एक हजार पन्नास. प्रत्येक तीन सेकंदांचा.

पहिली लाइन बिघडली होती. कॉल घ्यायचा, तीन सेकंदांत टाकून द्यायचा आणि लगेच मोकळं व्हायचं, एवढाच तिचा उद्योग. यंत्र बापडं पहिली मोकळी लाइन धरणार, म्हणजे पुन्हा हीच. कॉलला लाइन मिळाली, म्हणून तो हुकलेल्यांत धरला जात नव्हता. माणसं पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होती आणि साहेबांचा आकडा फुगत होता.

तिनं आईचा नंबर फिरवला. खट्ट, आणि शांत. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच.

"साहेब, पहिली लाइन आत्ता बंद करायला हवी."

"तपासणीच्या दिवशी? बारा लाइनी दाखवायच्यात मला. वरून परवानगी मागू, तासाभराचं काम आहे. आणि तुमच्या कालच्या सहीचं काय?"

"चुकले मी. लिहून देते."

"मग आधी लिहा."

तिनं पेन खाली ठेवलं आणि उठली. मोजणाऱ्यानं यंत्राला हात लावायचा नाही, हा तिथला नियम. लावला की मोजणीवर कुणी विश्वास ठेवत नाही. अठरा वर्षांत तिनं यंत्राच्या खोलीचा उंबरठा ओलांडला नव्हता. साहेब मागून "बाई, बाई" करत असताना तिनं तो ओलांडला, गावाची पाटी शोधली आणि पहिल्या लाइनीचा फ्यूज उपटून मुठीत धरला.

तिथल्याच फोनवरून तिनं नंबर फिरवला. या वेळी घंटा वाजू लागली. ती सवयीनं मोजत राहिली. सहा. सात. आठ. नवव्या घंटेला फोन उचलला गेला. पलीकडे आधी नुसती धाप ऐकू आली.

"आई?"

"काल संध्याकाळपासून... अकरा वेळा केला गं. खट्ट करून बंद व्हायचा." आईनं श्वास गोळा केला. "म्हटलं, कामात असशील. ठेवून देत असशील. मग नाही केला."

"आईला दम लागलाय," ती दारात उभ्या साहेबांना म्हणाली. त्यांनी एकदा तिच्या मुठीतल्या फ्यूजकडे पाहिलं, आणि दुसरा फोन ओढून त्या गावच्या दवाखान्याला लावला. तो पहिल्या झटक्यात लागला. त्यांनी पत्ता विचारला, तिनं सांगितला.

"बोलू नकोस आई. गाडी निघालीय. फक्त फोन धरून ठेव."

बाहेर तपासणीवाले आले, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी साहेबांना हाक मारली. ती हलली नाही. वीस मिनिटं ती आईची धाप ऐकत उभी होती. मग पलीकडे दारावर थाप पडली आणि माणसांचे आवाज आले.

"आले वाटतं," आई म्हणाली. "ठेवतेस का आता?"

"मी नाही ठेवत, आई. तू ठेव."