मागच्या अंगणातली बिळं

दातांच्या दवाखान्यामागच्या अंगणात फरशी घालायचं काम मिस्त्रींनी घेतलं होतं. तिथे चार गाड्या लावायच्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीलगतच्या जुन्या विटा उचलून बाजूला रचल्या आणि दोरी बांधायला खाली बसले.

तेवढ्यात एक बारकी मधमाशी आली. मागच्या पायांना पिवळी पूड चिकटलेली. विटा होत्या तिथे ती नुसत्या घिरट्या घालत राहिली. दुसरी आली, तिचीही तीच गत. मिस्त्रींनी वाकून पाहिलं. जमिनीत पेन्सिल जाईल एवढाली बिळं होती आणि तोंडाशी भुसभुशीत मातीचे ढीग. सकाळी त्यांना ती मुंग्यांची वाटली होती.

त्यांनी एक वीट उचलून पुन्हा होती तिथे ठेवली. खूण पटल्यासारखी माशी सरळ खाली आली आणि विटेशेजारच्या बिळात गुडूप झाली. मग त्यांनी आठवून आठवून सगळ्याच विटा जागेवर ठेवल्या.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "मिस्त्री, काम पुढे चाललंय की मागे?"

"बाई, इथं मधमाश्या राहतात."

"मग औषध मारा. पेशंटला चावल्या तर माझ्या नावानं शंख करतील."

"तासभर यांच्यात बसलोय. एकीनंही माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. घाई करू नका."

बाईंची नणंद कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. फोन करताच ती दुपारी आली आणि चांगल्या कपड्यांनिशी मातीत पालथी पडली.

"वहिनी, यांच्यात राणी नाही, पोळं नाही, राखायला मध नाही. म्हणून सहसा डंखही मारत नाहीत. प्रत्येकीचा संसार वेगळा. खाली खोल्या खणायच्या, प्रत्येक खोलीत परागाचा गोळा ठेवून वर एक अंडं घालायचं आणि खोली बुजवायची. महिन्या-दीड महिन्यात आई मरते. पिल्लं वर्षानं बाहेर येतात."

"आणि वर फरशी असली तर?" मिस्त्रींनी विचारलं.

नणंदेनं एका बिळाच्या तोंडावर तळहात ठेवून ते झाकून दाखवलं. डॉक्टरीणबाई बराच वेळ उकिडव्या बसून बघत राहिल्या.

"एवढी पट्टी सोडली तर किती गाड्या मावतील?"

"तीन."

"तीनच लावू. मी चालत येईन. तेवढंच वजन उतरेल."

मिस्त्रींनी भिंतीलगतची माती तशीच सोडली आणि पाणी तिकडे साचू नये म्हणून फरशीला उलटा उतार दिला.

पुढच्या वर्षी दाढ काढायला ते त्याच दवाखान्यात आले. दाढ निघाल्यावर बाईंनी त्यांना मागच्या दारी नेलं. मातीवरून बारके नर सारखे चकरा मारत होते.

"हे आठवडाभर आधीच आलेत. आता माद्यांची वाट बघतायत," बाई म्हणाल्या.

मातीचं एक ढेकूळ हललं. त्यातून मिशा आल्या, मग डोकं. थोडं पलीकडे दुसरं ढेकूळ हललं. तोंडात कापूस असल्यानं मिस्त्रींना बोलता येईना. एकेक बाहेर आली की ते एकेक बोट उघडत गेले. दोन्ही हातांची बोटं संपली.

"दहा?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली आणि भिंतीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे अकरावी पंख सुकवत बसली होती.