उपासातली मोजणी

"तू आमची मोजणी उपासात केलीस, फर्डी."

सालोमी हे म्हणाली तेव्हा तिच्या डाव्या हातात कंदिलाची जाळी होती आणि उजव्या हातात पकड. फर्डिनंडने कागदावरून मान वर केली नाही. शब्द त्याच्या कानावर पडले होते, डोक्यात शिरले नव्हते.

"कसल्या उपासात?"

"कसल्या म्हणजे? ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातला बुधवार होता तो. आम्ही चौघी सकाळपासून कोऱ्या चहावर. त्यात तू पुढ्यात घड्याळ मांडून बसलास, तासाला किती जाळ्या होतात ते बघायला. होणार किती? अठ्ठेचाळीस."

"त्याला काय म्हायती, बाय," शेजारची रेजिना म्हणाली. ती मिठागराकडची. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. "तो हाटेलात पाव-मस्का हानतो बारा महिने. देवळात दिसला तर फादरच घाबरून जातील, कोन मेलं म्हनून."

चौघी हसल्या. फर्डिनंडही हसला, पण अर्धाच. त्याच्या हातातल्या कागदावर तोच आकडा होता. अठ्ठेचाळीस. खाली त्याची सही होती.

साल चोपन्न. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला भातशेतीच्या कडेला पत्र्याची एक शेड होती. तिच्यात कंदील बनत. आतापर्यंत प्रत्येक बाई अख्खा कंदील एकटी जोडायची. बुडाची टाकी, वात, जाळी, कडी, शेवटी काच. मग शेठ मुंबईत कुठलासा कारखाना पाहून आले आणि त्यांच्या डोक्यात 'लाइन' बसली. एक लांब टेबल, एका बाईने एकच काम करायचं, आणि कंदील पुढच्या बाईकडे सरकवायचा. कुठल्या जागी कुठलं अवजार हवं ते ठरवायचं काम त्यांनी फर्डिनंडला दिलं.

फर्डिनंड तोवर शेडमधला दुरुस्तीवाला होता. बोथट झालेली हत्यारं घासायची, सुटलेले दांडे बसवायचे. शाळा चौथीपर्यंत. पण त्याने हे काम असं केलं की कागदावर शिकलेल्या कुणी केलं नसतं. मुंबईच्या लोखंड बाजारात तो तीनदा गेला. तिथल्या पकडी पुरुषांच्या मुठीसाठी बनवलेल्या. बाईने धरली तर अंगठा एकीकडे आणि बोटं दुसरीकडे. दिवसभर ती दाबायची म्हणजे संध्याकाळी मनगट सुजणारच. असल्या पकडी वर्षानुवर्षं बायकांच्या हातात देत आले सगळे, आणि वर म्हणतात बायकांचे हात मंद!

म्हणून फर्डिनंडने खाकी कागद आणला आणि प्रत्येकीला त्यावर पंजा ठेवायला लावला. भोवतीने पेन्सिल फिरवली. कुणाचा हात किती उघडतो ते मोजलं आणि त्या मापाने पकडींचे दांडे वाकवून घेतले. कंदील उचलून धरावा लागू नये म्हणून तिरक्या लाकडी घोड्या ठोकल्या. घोडीवर कंदील आपोआप कलता राहायचा, दोन्ही हात मोकळे.

सालोमीच्या पंज्याला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिची करंगळी किंचित बाहेर वळलेली. हे त्याला ठाऊक होतं. अकरा वर्षांपासून ठाऊक होतं.

"किती वेळ?" तिने विचारलं होतं.

"झालंच."

"तेव्हाही झालंच म्हणालेलास."

तेव्हा म्हणजे त्रेचाळीस साली. सालोमी निर्मळची, तिच्या वडलांची केळीची वाडी. फर्डिनंडने मागणी घातली तेव्हा ते म्हणाले, पत्रे ठोकणाऱ्याला मुलगी दिली तर तिने जन्मभर काय ठोकायचं? सालोमी त्याच संध्याकाळी त्याला विहिरीपाशी गाठून म्हणाली होती, येतोस का, फादरना आपणच जाऊन सांगू? तो म्हणाला, दोन वर्षं थांब, मी मिस्तरी होतो, मग तेच बोलावतील मला. ती दीड वर्ष थांबली. मग आगाशीच्या एका घरात तिचं लग्न झालं. दुसऱ्या वर्षी नवरा तापाने गेला. मूलबाळ नाही. ती माहेरी परत आली, भावजयीच्या हाताखाली वर्षभर राबली, आणि एक दिवस लाल लुगड्याचा काष्टा मारून, कुणालाही न विचारता, या शेडमध्ये कामाला आली. पकड धरून तिला सहा वर्षं झाली होती. जेवणाचा डबा ती आपल्या कामाचा खाई. त्याची किंमत तिला कुणी शिकवायला नको होती.

सहा वर्षं फर्डिनंड समोरच्या बाकावरून तिला बघत होता. विचारीन म्हणायचा. मिस्तरी झालो की विचारीन.

आणि आता लाइन. बाकीच्या जागांचं सगळं ठरलं होतं. अडलं होतं फक्त जाळीपाशी. जाळीची तार काचेभोवतीच्या दोन नळ्यांना चार ठिकाणी पिळून बसवायची, हे सगळ्यात किचकट काम. त्यासाठी एक प्रेस मिळत होता. दांडा खाली ओढला की चारही पीळ एकदम. पण दांडा इतका जड की ओढायला गडीमाणूस हवा. एक गडी आणि एक प्रेस, चार बायका घरी.

शेठनी हिशेब सरळ ठेवला होता. "आपल्याला तासाला सत्तर पाहिजे. तुझ्या पकडीवर चार बायांनी सत्तर काढले तर प्रेस नको. बाई स्वस्त पडते. नाही निघाले तर प्रेस."

म्हणून ती बुधवारची मोजणी.

"परत मोज," सालोमी म्हणाली. "आज पोटात भाकरी आहे."

त्याने घड्याळ काढलं. चौघी वाकल्या. तार पिळल्याचा करकर आवाज आणि घोडीवर कंदील टेकल्याचा टक्, एवढंच. सालोमीच्या हातात पकड कशी बसली होती! दांडा तिच्या तळव्याचाच भाग असल्यासारखा. फर्डिनंडला एकदम वाटून गेलं, मी आयुष्यात एक गोष्ट बरोबर केली.

तास भरला. त्याने जाळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"एकाहत्तर."

"अगो बाय!" रेजिनाने पकड टेबलावर आपटली. "वरचा एक कोनाचा? माझाच. लिवून घे, अर्ध्या मिस्तरी."

"जा," सालोमी त्याला म्हणाली. "शेठ अजून आहेत. उद्या ते मुंबईला जाणार. आत्ता जाऊन सांग."

शेठच्या खोलीपर्यंत वीस पावलं होती. माणसाला स्वतःशी खोटं बोलायला तेवढी पुरतात.

शेठ कागद आवरत होते. "बरा आलास. उद्या प्रेसची ऑर्डर देतो. त्या पार्टीशी बोललो मी. प्रेसवर माणूस तयार करायला ते एक महिना आपल्या वर्कशॉपला ठेवून घेतात, सर्टिफिकीट देतात. तुझं नाव घालतो. परत आलास की लाइनचा मिस्त्री तूच."

फर्डिनंड उभा राहिला. एकाहत्तर हा शब्द त्याच्या जिभेवर होता. पण तो सांगायचा म्हणजे बुधवारची मोजणी चुकली हे सांगायचं. ज्याला आपल्याच गावच्या बायकांचे उपास आठवत नाहीत त्याला शेठ लाइन कशाला देतील? मुंबईहून कुणी पाटलोणवाला येईल, आणि हा पुन्हा दांडे बसवत बसेल. आणि सर्टिफिकीट? ते भिंतीवर टांगून, नवा सदरा घालून निर्मळला जायचं होतं त्याला. सालोमीचे वडील वारले होते, हे जणू तो विसरलाच.

"शेठ, त्या जाळीच्या आकड्यात फरक आहे."

"किती?"

"थोडा."

"थोडा म्हणजे? पन्नास? बावन्न?"

फर्डिनंड जमिनीकडे बघत राहिला.

"मग जाऊ दे ना," शेठ म्हणाले, आणि कपाट लावून घेतलं.

हा माणूस आयुष्यभर नटाचा अर्धा आटा चुकला तर नट फेकून देत आला. केसाएवढा फरक त्याला चालला नाही. आणि चार बायकांच्या भाकरीचा प्रश्न आला तेव्हा तो म्हणाला, थोडा. याला मी भोळेपणा म्हणणार नाही. भित्रेपणा म्हणतो. शेठांना दोष देणं सोपं आहे. शेठ शेठांसारखे वागले. फर्डिनंड फर्डिनंडसारखा वागला नाही.

बाहेर सालोमी डबा कमरेला लावून उभी होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं. फरक आहे म्हणालो."

"किती आहे म्हणालास?"

"थोडा."

"तेवीस म्हणजे थोडे?"

"सालू, ऐक. प्रेस आला की मी मिस्तरी. मग तुला इथे पकड धरून मनगट झिजवायची गरजच काय? मी आहे ना. मी कधीपासून..."

"गप."

"मी तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठी?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर फर्डिनंडला बरं वाटलं असतं. "अकरा वर्षांपूर्वीही तू माझ्यासाठीच थांबवलंस मला. तेव्हा मी पोर होते, मला ते गोड वाटलं. तुला मी पाहिजे होते ना, तर कुठल्याही दिवशी त्या बाकावरून उठून विचारायचं होतंस. पकड हातात असलेल्या बाईला विचारायचं होतंस. माझ्या पोटावर पाय दिल्यावर नाही."

"उद्या सांगतो. पहाटे स्टेशनवर गाठतो शेठना."

"सांग."

तो स्टेशनवर गेलाही. शेठ फलाटावर पेपर वाचत उभे होते. तो पाण्याच्या नळापाशी थांबला. गाडी आली आणि शेठ चढले. मग तो हॉटेलात गेला आणि त्याने चहा मागवला.

मे महिन्यात प्रेस आला. कामणचा एक दांडगा गडी दांडा ओढायला ठेवला. चौघींना शनिवारी सांगितलं, सोमवारी येऊ नका. रेजिनाने आपल्या मिठागरी बोलीत शेठच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, आणि निघताना फर्डिनंडला नुसतं म्हणाली, "तुझे हात चांगले होते रे." सालोमीने पकड पुसून टेबलावर ठेवली. तिच्या मापाची होती ती. प्रेसवाल्या गड्याच्या मुठीत ती बसली नसती, दुसऱ्या कुणाच्याच बसली नसती.

लाइन चालली. खोटं कशाला सांगू, उत्तम चालली. फर्डिनंड मुंबईहून शिकून आला, त्याला सगळे मिस्तरी म्हणू लागले, आणि प्रेसचा दांडा खाली आला की त्याच्या छातीत आनंदही व्हायचा. पण कंदील जाळीपाशी आला की तो मान दुसरीकडे वळवायचा. त्या जागेसमोरचा आपला बाकही त्याने उचलून दुसऱ्या भिंतीला नेला. तिथून काही दिसत नव्हतं. आणि दिवसाकाठी दहादा तो तिथून मागे वळून बघायचा.

डिसेंबरात एका रविवारी त्याने सायकल काढली आणि निर्मळला गेला. नवा सदरा घालून. काय बोलायचं ते त्याने रस्ताभर ठरवलं. मिस्तरी हा शब्द त्यात नव्हता. चुकलो, एवढाच होता, आणि पुढे एक प्रश्न, जो अकरा वर्षांपूर्वी विहिरीपाशी तिनेच त्याला विचारला होता.

पानमळ्याच्या बांधावर, सुपारीच्या सावलीत सात-आठ बायका एका रांगेत बसल्या होत्या. मुंबईला जायची विड्याची पानं भरायचं काम चाललं होतं. पहिली डागाळलेली पानं बाजूला काढत होती, दुसरी देठ सारखे करत होती, सालोमी केळीच्या सोपटाने जुडी बांधत होती, तिच्यापुढची करंडीत रचत होती. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. जुडी हातातून हातात जात होती.

फर्डिनंड सायकल झाडाला टेकवून जवळ गेला. सालोमी आणि करंडीवाली यांच्यामध्ये हातभर जागा होती. तो तिथे, मातीतच उकिडवा बसला.

"अगो, कोण गं हा?" करंडीवालीने विचारलं.

"शेडमधले मिस्तरी," सालोमी म्हणाली. "काही काम आहे का, मिस्तरी?"

त्याने तोंड उघडलं. ठरवलेले शब्द सगळे होते. ती त्याच्याकडे बघत होती, रागाने नाही. ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी. तिची बोटं मात्र थांबली नव्हती. सोपटाचा वेढा, गाठ, ओढ. जुडी झाली.

त्याचा हात आपोआप पुढे झाला.

सालोमी जराशी उठली, वाकली, आणि तिने ती जुडी त्याच्या पसरलेल्या हातावरून पलीकडे, पुढच्या बाईच्या हातात दिली.